पिकअपचा पाटा कुरकुरतोय? ऑइल ओतण्याआधी हे तपासा

निफाड, दिंडोरी, चांदवड भागात पाऊस ओसरला की टोमॅटोच्या गाड्या पिंपळगाव बसवंतच्या रस्त्याला लागतात. याच दिवसांत अनेक पिकअपच्या मागच्या चाकांजवळून कुईकुई, करकर असा आवाज सुरू होतो. गतिरोधक आला की आवाज, शेतातल्या खड्ड्यात चाक गेलं की आवाज. यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो. सर्व्हिसिंगचं जळकं ऑइल डब्यात धरायचं आणि पाट्यांवर ओतून द्यायचं. आवाज बंद होतो. आठ-पंधरा दिवसांत पुन्हा सुरू होतो.

पण आवाज बंद झाला म्हणजे दोष गेला असं नाही. पाट्याची कुरकुर कधी नुसत्या गंजाची असते, कधी झिजलेल्या बुशची, तर कधी तुटायला आलेल्या पाट्याची किंवा ढिल्या यू-बोल्टची. पहिल्या दोन गोष्टींत फक्त कटकट आहे. शेवटच्या दोन गोष्टींत माल भरलेली गाडी राहुड घाटात किंवा कसाऱ्याच्या उतारावर हातातून जाऊ शकते. म्हणून आधी आवाज शोधायचा, मग इलाज करायचा.

पाटा आवाज का करतो?

पाटे म्हणजे एकावर एक बसवलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यात बुश बसतात. एक टोक चासीला पक्कं असतं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या जोडावर असतं. वजन पडलं की कमान सपाट होऊन लांब होते, त्या वेळी शॅकल पुढे-मागे झुलून तिला जागा देतं. मधोमध सेंटर बोल्ट सगळे पाटे एकत्र धरतो आणि दोन यू-बोल्ट हा सगळा सेट मागच्या हाउसिंगला आवळून ठेवतात.

गाडी खाली-वर झाली की पाटे एकमेकांवर थोडे सरकतात. हे घासणं थोड्या प्रमाणात कामाचंच आहे, कारण त्यामुळे गाडीचं उसळणं कमी होतं. पण पावसाळाभर चिखल, शेण, खताचा अंश आणि पाणी पाट्यांच्या फटीत जाऊन बसतं. गंज धरतो. मग पाटा सरळ सरकत नाही. क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. त्या अडकण्या-सुटण्याचाच आवाज कुईकुई म्हणून कानावर येतो. काही गाड्यांत पाट्यांच्या टोकांमध्ये प्लास्टिकचे किंवा रबरी पॅड असतात. ते झिजून पडले की लोखंडावर लोखंड घासू लागतं.

आवाज नेमका कुठला?

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करावी. एकाने मागचा फाळका धरून गाडी दाबून हलवावी, दुसऱ्याने बाजूला बसून कान द्यावा. गाडीच्या खाली शिरायचं नाही. आवाजाचे साधारण तीन प्रकार ओळखता येतात.

कुईकुई किंवा करकर असा लांबट आवाज असेल तर पाटे कोरडे पडलेत किंवा रबरी बुश सुकलाय. खट्-खट् असा तुटक आवाज असेल तर बुश आणि पिनेत गाळा पडलाय, शॉकअपचा बोल्ट ढिला आहे किंवा यू-बोल्ट सुटतोय. खड्ड्यात 'धप्' असा जड आवाज येत असेल तर पाटे बसलेत किंवा एखादा तुटलाय, आणि हाउसिंग वरच्या रबराला जाऊन आपटतंय.

कुईकुई पाट्याची की बुशची, हे ओळखायला साधं पाणी पुरतं. आधी फक्त एका बुशवर थोडं पाणी टाकून गाडी हलवा. फरक नाही पडला तर दुसऱ्या बुशवर टाका. शेवटी पाट्यांच्या टोकांवर टाका. ज्या ठिकाणी पाणी पडल्यावर आवाज थोडा वेळ थांबला, तिथं दुखणं आहे. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. ऑइल ओतल्यावर तर ही तपासणी करताच येत नाही.

तुटण्याच्या खुणा

पाटे पाण्याने आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ करून बॅटरीच्या उजेडात पाहावेत. चीर बहुधा चार जागी सापडते. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ, यू-बोल्टच्या कडेला, मेन पाट्याच्या गोल वळणाजवळ आणि क्लिपजवळ. चिरेतून गंजाची तांबूस रेघ बाहेर आलेली दिसते. ऑइल आणि धुळीचा थर असेल तर हीच रेघ झाकली जाते.

त्यानंतर टेप घेऊन दोन मापं घ्यावीत. दोन्ही टायरमध्ये हवा सारखी असावी. पहिलं माप मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर बॉडीच्या कडेपर्यंत, दोन्ही बाजूंनी. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर त्या बाजूचा सेट बसलाय किंवा पाटा तुटलाय. दुसरं माप पुढची चाकं सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, तेही दोन्ही बाजूंनी. यात फरक असेल तर हाउसिंग जागेवरून सरकलंय असं समजावं. यू-बोल्ट ढिले झाले की सगळा भार सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की हाउसिंग एका बाजूने मागे सरकतं आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. यू-बोल्टच्या बुडाशी लोखंड घासून चकाकत असेल तर तीही ढिलेपणाची खूण आहे.

चीर, तुटलेला सेंटर बोल्ट किंवा सरकलेलं हाउसिंग यांपैकी काहीही दिसलं तर त्या दिवशी माल भरू नये. गाडी रिकामी, सावकाश जवळच्या गॅरेजला न्यावी. हाउसिंग सरकलं असेल तर मेकॅनिकलाच गाडीपाशी बोलवावं.

नुसता गंज असेल तर

वरचं काही नसेल आणि कुरकुर पाट्यांतलीच असेल, तर काम घरी होण्यासारखं आहे. पण गाडी नुसत्या जॅकवर ठेवून हात आत घालायचा नाही. जमीन कडक आणि सपाट हवी. हँडब्रेक ओढून पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावावेत. जॅक हाउसिंगला न लावता चासीला लावावा आणि चासीखाली मजबूत घोड्या ठेवाव्यात. असं केलं की हाउसिंग खाली लोंबतं, पाट्यांवरचं वजन उतरतं आणि टोकांच्या फटी थोड्या उघडतात. ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेवढं पाहावं.

फटीतला चिखल पाण्याच्या जोरदार धारेने काढावा, तारेच्या ब्रशने गंज खरवडावा आणि पाटे पूर्ण वाळू द्यावेत. ओल्यावर लावलेलं ग्रीस धरत नाही. चपटा स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालून टोक थोडं उचलावं. फटीत बोट घालू नये. ग्राफाइटचं ग्रीस पातळ पट्टीने आत सारावं. ग्रीस फक्त टोकं टेकतात तिथंच लागतं, सगळा पाटा माखण्याची गरज नाही. पाट्यांमध्ये पॅड असलेल्या गाडीत झिजलेले पॅड बदलावेत, तिथं ग्रीस भरू नये.

जळकं ऑइल टाळायची कारणं तीन आहेत. त्यावर धूळ बसते आणि पाट्यांमध्ये पॉलिश पेपरसारखा लगदा तयार होऊन लोखंड झिजवतो. ते ओघळून बुशच्या रबराला लागतं, रबर फुगून मऊ पडतं. आणि ब्रेक ड्रममध्ये गेलं तर लायनर तेलकट होऊन त्या चाकाचा ब्रेक लागत नाही. डिझेल आणि रॉकेल यांचंही रबराशी असंच वैर आहे.

गंज फारच आत गेला असेल तर सेट खोलून साफ करावा लागतो. ते गॅरेजचं काम आहे. सेंटर बोल्ट काढला की दाबलेले पाटे झटक्यात उघडतात. शिकंजा न लावता हे करताना हाताला मोठी इजा होऊ शकते.

बुश आणि यू-बोल्ट

बुश दोन प्रकारचे असतात. पिनेला निप्पल असेल तर तो ग्रीसचा बुश. त्यात ग्रीस पंपाने जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं भरावं. निप्पल नसेल तर बुश रबरी असतो. त्याला ग्रीस चालत नाही, चिरला असेल तर बदलावा लागतो. रबरी बुश बदलल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चारही चाकांवर उभी असावी. गाडी जॅकवर असताना आवळला तर खाली उतरवल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

सेट खोलला तर यू-बोल्ट नवे घालावेत. एकदा ताणलेल्या बोल्टची पकड पहिल्यासारखी राहत नाही. नट एका बाजूचे एकदम न आवळता आळीपाळीने, समोरासमोर आवळावेत आणि कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पाना वापरावा. नवीन सेट पहिल्या ५०० ते १००० किलोमीटरमध्ये बसतो, त्यामुळे यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यावे लागतात. नेमकं हेच काम हंगामाच्या गडबडीत राहून जातं.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग मारून गाडी चालवणं हा जुगार आहे. पाट्याचं पोलाद तापवून, विझवून त्याला लवचिकपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो त्या जागी जातो आणि पाटा सांध्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो. पाटा बदलायचाच. एका बाजूचा जुना सेट बसलेला असेल तर दोन्ही बाजूंचं काम एकदम करावं, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

जादा पाटा टाकल्याने काय होतं?

पाटे बसायचं आणि तुटायचं मोठं कारण म्हणजे जादा वजन. १७०० किलो क्षमतेच्या पिकअपमध्ये २० किलोचे ८५ क्रेट झाले की वजन पुरं झालं. रिकाम्या क्रेटचं वजन आणि वर बसलेली माणसं धरली तर त्याआधीच. १२० क्रेट भरले तर नुसता माल २४०० किलो, म्हणजे ७०० किलो जादा.

गाडी बसू नये म्हणून अनेक जण एक-दोन जादा पाटे टाकून घेतात. त्याने गाडी बसत नाही, एवढंच. ब्रेक, टायर, बेअरिंग, हाउसिंग सगळं पहिलंच असतं. गाडी ताठ दिसते म्हणून चालक निर्धास्त होतो आणि उतारावर ब्रेक कमी पडतात. रिकामी असताना हीच गाडी इतकी उडते की चासीला आणि बॉडीच्या सांध्यांना तडे जातात. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही गाडीवाल्यावरच येतो.

पाट्यांची तपासणी पावसाळा संपल्यावर एकदा आणि द्राक्ष हंगाम सुरू होण्याआधी एकदा करून घ्यावी. पाणी, ब्रश, बॅटरी आणि टेप एवढ्यावर अर्ध्या-पाऊण तासात ती होते. रस्त्यात मात्र गाडी अचानक एका बाजूला कलली, स्टिअरिंग सरळ धरूनही तिरकी चालू लागली किंवा मागून खट्-खट् वाढत गेलं, तर बाजार गाठायची घाई करू नये. गाडी कडेला घ्यावी, मजूर खाली उतरवावेत आणि माल दुसऱ्या गाडीत भरावा. एका दिवसाचा भाव गेला तर पुढच्या तोड्याला भरून निघतो.