लाल खडक काळा की पांढरा?

ॲरिझोनातल्या कॅन्यन द शे या दरीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवून कोणी कृष्णधवल फोटो काढू लागलं, की प्रश्न हमखास येतो: जिथं सगळं वैभवच रंगाचं, तिथं रंग काढून टाकायचा कशाला? प्रश्न रास्त आहे, त्यामागचं गृहीतक मात्र चुकीचं. कृष्णधवल चित्रात रंग फेकून दिला जात नाही. कोणत्या रंगाचा उजेड किती धरायचा हे ठरवून सगळ्याची एकाच मापात नोंद होते. एकच कडा काळा दिसेल की पांढराफटक, हे त्या ठरवण्यावर अवलंबून असतं.

टिमोथी ओ'सलिव्हनने 1873 मध्ये याच दरीत, कड्याच्या कपारीतल्या 'व्हाइट हाउस' या प्राचीन घरांचा फोटो काढला, तो कलोडिअनच्या ओल्या काचेवर. ही काच निळ्या-जांभळ्या उजेडालाच दाद देई. लाल उजेड तिच्या लेखी अंधारच. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत निळं आकाश कोरं पांढरं आणि तांबडे खडक गडद येत. योगायोग असा, की त्याच वर्षी बर्लिनमध्ये हेर्मान फोगेल यांना काचेच्या लेपात विशिष्ट रंजकद्रव्य मिसळलं तर ती इतर रंगांनाही प्रतिसाद देते, असं आढळलं. त्यातूनच पुढे सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली. 1940च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने तेच अवशेष टिपले, तेव्हा फिल्टर बदलून छटा बदलण्याची मुभा छायाचित्रकाराला मिळालेली होती.

लाल फिल्टर लावला की काय होतं, ते पाहू. इथल्या वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. तो निळा-हिरवा उजेड शोषतो आणि लाल परतवतो, म्हणून खडक उजळतो. हवेचे रेणू 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या चौपटीहून थोडा जास्तच विखुरतात. आकाशाचा हा निळा उजेड लाल फिल्टर अडवतो, म्हणून आकाश काळवंडतं. कड्यावर पाणी ओघळतं तिथं उभे काळपट पट्टे दिसतात. मँगनीज, लोह आणि मातीचा हा थर मिलिमीटरहूनही पातळ. त्याला 'डेझर्ट व्हार्निश' म्हणतात. मँगनीजची ऑक्साइडं जवळपास सगळेच रंग गिळतात. भोवतालचा खडक उजळला तरी पट्टे काळेच राहतात आणि पाण्याची वाट चित्रात ठसठशीत उमटते.

ही लबाडी नव्हे का? डोळ्याला आकाश काळं दिसत नाही, हे खरंच. पण ते कोरं पांढरंही दिसत नाही. मग ओ'सलिव्हनची काच तरी कुठे प्रामाणिक? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लाल खडक आणि हिरवं झुडूप एकाच करड्या छटेत विरघळू शकतात, आणि तो फरक नंतर परत मिळत नाही. थरांमधलं लोह रंगावरून ओळखू पाहणाऱ्या भूवैज्ञानिकाने कृष्णधवलच्या वाटेला जाऊ नये, हेच बरं. तिसरा आक्षेप असा, की आता हे सगळं संगणकावर नंतरही करता येतं. येतं, पण फुकट नाही. बहुतेक डिजिटल सेन्सरवर लाल फिल्टरखालचे बिंदू जेमतेम पाव असतात. आकाश गडद करायचं तर भिस्त त्यांच्यावरच, आणि त्यांच्यापर्यंत आकाशाचा उजेड पोचतो कमी. साहजिकच तिथं दाणेदारपणा दिसू लागतो. उतरत्या उन्हात उलटी अडचण. सरासरी उजेडाचा आलेख सुरक्षित दिसत असताना कड्याचा लाल भाग आधीच भरून वाहिलेला असतो आणि पोत पुसला जातो. तेव्हा अशा वेळी लाल रंगाचा आलेख वेगळा पाहून एक्स्पोजर कमी करावं लागतं.