कुळाचा शोध, लेखांक ७ : मधली अडीचशे वर्षं

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गाळ्यांवरच्या पाट्या वाचत गेलं, तर जुनी राजघराणी ओळीनं भेटतात. पवार म्हणजे धारचे परमार, मोरे म्हणजे मौर्य, शेलार म्हणजे शिलाहार, जाधव म्हणजे देवगिरीचे यादव. सोयरीक जुळवताना हे कुणी तपासत नाही. त्याच गाळ्यासमोर पोती उतरवणारा हमालही जाधवच असतो, पण त्याला देवगिरीबद्दल कुणी विचारत नाही. जाधव आडनाव अनेक जातींत आहे. नुसत्या आडनावावर राजवंश ठरत नाही.

जाधवांपैकी या दाव्याच्या सर्वांत जवळ जातात ते सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाबाईंचे वडील. त्यांची सरदारकी, त्यांचे परगणे, १६२९ मध्ये निजामशाही दरबारात झालेला त्यांचा खून, सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. खून झाला तोही दौलताबादेत, म्हणजे जुन्या देवगिरीतच. पण देवगिरीचं राज्य १३१८च्या सुमारास बुडालं. तिथपासून लखुजींच्या उदयापर्यंत दिल्ली सल्तनत, बहमनी आणि निजामशाहीची अडीचशेहून अधिक वर्षं जातात, आणि त्या काळातली पिढी पिढीला जोडणारी समकालीन कागदांची सलग साखळी मिळत नाही. नातं असेलही. सिद्ध झालेलं नाही, एवढंच.

अशा रिकाम्या जागेत भाट शिरतात, आणि हा उद्योग फक्त आपला नाही. फ्रान्सचा राजा लुई फिलिप यानं १८४३ मध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात क्रुसेडची दालनं उघडली. पूर्वज धर्मयुद्धाला गेल्याचा पुरावा दाखवेल त्या घराण्याचं चिन्ह तिथं लागणार होतं. लगेच बाजारात जुने दस्त आले: अमुक सरदारानं पूर्वेकडच्या मोहिमेत जिनोव्हाच्या सावकारांकडून कर्ज उचललं, असे. खानदानी घराण्यांनी ते पैसे मोजून घेतले. पूर्वजाच्या नावावर कर्ज निघालं म्हणून खूश होणारी गिऱ्हाइकं आपल्या आडत्यांनी बहुधा पाहिली नसतील. त्या दस्तांचा बनावटपणा १९५६ मध्ये बोतिए या अभ्यासकानं उघड केला.

मग करायचं काय? राजापासून खाली यायचं नाही, स्वतःपासून वर जायचं. आधी सातबारा आणि फेरफार, मग जुन्या गाव नमुना १४ मधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. सांगली-कोल्हापूरकडची मंडळी असाल तर घराण्यांच्या वंशावळी राखणाऱ्या हेळव्याची वहीही बघा. अलीकडच्या पिढ्यांसाठी ती कामाची, मात्र ती एकदम पुराणात उडी मारते तिथं थांबा. त्या पिढ्यांच्या मागे जायचं तर पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनचे कागद.

खरा खजिना भांडणांत सापडतो. पाटीलकीवर दोन भाऊबंद हक्क सांगू लागले की गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. त्याखाली पाटलाचा नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, शेट्याचा तराजू अशा निशाण्या उमटत. हक्क सिद्ध करायचा म्हणून दोन्ही बाजू बाप, आजा, पणजा सांगत, आणि खोटं सांगितलं तर समोरचा तिथंच उठून हरकत घेई. भाटाच्या पोथीला असा विरोधक कधीच नसतो. म्हणून मला सूर्यवंशापर्यंत पोहोचलेल्या वंशावळीपेक्षा हरलेल्या चुलत्याची तक्रार जास्त विश्वासाची वाटते.

हे महजर मोडी लिपीत आहेत. एक महजर ओळीनं कसा वाचायचा, ते पुढच्या आठवड्यात.