परत मिळणारे १,८५० रुपये

परवा भाची मोबाइल नाचवतच आली. "मामा, झालं! लेटर आलं." वर नामांकित कंपनीचा लोगो, खाली गोल शिक्का, पगार महिना ३८ हजार. मी पेढे आणायला उठणार, तोच शेवटची ओळ दिसली : लॅपटॉपसाठी १,८५० रुपये अनामत, पहिल्या पगारात परत. तिने ते सकाळीच भरले होते.

ही रक्कम हिशेबाने ठरवलेली असते. मैत्रिणीकडून उसनी मिळेल एवढी, आणि बुडाली तर पोलिसांत जायचा कंटाळा यावा एवढी. ती भरली की पडताळणीचे पैसे, मग विम्याचे. आधीचे अडकलेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. टेलिग्रामवर हॉटेलांना रेटिंग द्यायचं 'काम'ही याच जातीचं. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात, नंतर स्वतःचे घालून मोठं टास्क घ्यायला लावतात. नोकरीसाठी पैसे मागणारा नोकरी देत नसतो, इतकं साधं आहे हे. पण आठ महिने एकही फोन न आलेल्या मुलीला ते दिसत नाही, आणि त्यात तिचा मूर्खपणा नाही.

मेल कुठून आला ते पाहिलं. कंपनीचं नाव होतं, पण 'अ‍ॅट'च्या आधी. पुढे नुसतं जीमेल डॉट कॉम. खरा पत्ता 'अ‍ॅट'च्या पुढे असतो. तिथेही कंपनीच्या नावाला 'जॉब्ज' किंवा 'करिअर्स' जोडून नवा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतो. म्हणून कंपनीची मूळ वेबसाइट स्वतः शोधून जागा तिथे आहे का ते बघायचं, मेलमधल्या लिंकवरून नाही.

परदेशची नोकरी असेल तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही. थायलंडला म्हणून निघालेली आपली मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या कोंडवाड्यांत अडकली. तिथे त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन फसवायचंच काम करून घेतलं. मार्च २०२५मध्ये हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना परत आणलं. एजंट नोंदणीकृत आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर घरबसल्या तपासता येतं.

आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन क्रमांक १९३० लावला. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळायच्या आत कळवलं तर ते गोठवता येतात. पलीकडून यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक मागितला. ती एकेक आकडा वाचत गेली. शेवटचा सांगून झाल्यावर फोनवर हात ठेवून तिने हळूच विचारलं, "मामा, म्हणजे ती नोकरी नाहीच का?"