माजलगावची वानरं आणि मोबाइलवरचा भरवसा

डिसेंबर 2021 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्याचं लवूळ हे गाव एकाएकी जगभरच्या बातम्यांत झळकलं. कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं आणि माकडांनी त्याचा सूड म्हणून अडीचशे कुत्री उंचावरून फेकून मारली, अशी ती बातमी होती. तिच्यावर व्हिडिओ निघाले, विनोद झाले, परदेशी वर्तमानपत्रांनी मथळे दिले. 18 डिसेंबरला नागपूरहून आलेल्या वन विभागाच्या पथकानं दोन वानरं पकडल्याची बातमी आली आणि कथेवर जणू सरकारी शिक्काच बसला.

गावात कुत्र्याची पिल्लं मेली होती, हे खरं. वानरं ती उचलून झाडावर, घरांच्या छतावर नेत होती, हेही लोकांनी पाहिलेलं. पण आकडा कुठे ऐंशी होता, कुठे अडीचशे. वानर हा पाला, फळं आणि शेंगांवर जगणारा प्राणी. त्यानं उराशी धरून वर नेलेल्या पिल्लाला तिथे दूध मिळत नाही, खाली उतरता येत नाही. ते उपाशी मरतं किंवा पडून मरतं. गावानं पाहिलं ते एवढंच. त्यापुढचा सूड आणि अडीचशेचा हिशेब फोनवरून फोनवर जाताना वाढत गेला.

निव्वळ खोटी बातमी फार लांब जात नाही. तिला खऱ्याचा एक दाणा लागतो. लवूळमध्ये त्या दाण्यापायी कुणा माणसाचा जीव गेला नाही. राईनपाड्यात गेला.

आठवडी बाजारातले पाच मृत्यू

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे पाच जण तिथे उतरले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या भागात कित्येक दिवस फिरत होते. त्यांतल्या एकानं लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, असा बोभाटा झाला आणि जमावानं त्यांना घेरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना जिवे मारण्यात आलं. त्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला, त्यातल्या लहान लेकरासह, पोलिसांनी वाचवलं.

त्या दिवसांत फिरणाऱ्या एका व्हिडिओत मुलांचे मृतदेह ओळीनं ठेवलेले दिसत. मुलं खरी होती, मृत्यू खरे होते. पण ती मुलं सीरियातल्या घौटा इथली, 2013 च्या रासायनिक हल्ल्यात मेलेली. दुसऱ्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरून येऊन मूल उचलून नेताना दाखवलं होतं. कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली ती जाहिरात होती. मूल परत आणून सोडलं जातं आणि फलक दाखवला जातो, तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात, झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमा, असा आदेश दिला. एरवी आठवडी बाजारात ओळख पटवून घ्यायची जुनी रीत असते: कुठल्या गावचे, कुणाचे पाहुणे, कुणाला ओळखता. त्या रविवारी ते विचारण्याआधी हात उचलले गेले, कारण फोननं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं.

फोन म्हणजे तलाठी, बँक आणि दवाखाना

लोक फोनवर एवढा विश्वास का ठेवतात, याचं उत्तर बीडमध्ये फिरताना मिळतं. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगार निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर मुक्काम. गावी राहिलेली म्हातारी माणसं, आश्रमशाळेतली लेकरं, बँकेत आलेले पैसे, टोळीचा हिशेब, सगळ्याशी नातं एका फोनवर टिकलेलं असतं.

गावात राहणाऱ्याचंही तेच. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीसाठी शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. 2025 च्या खरिपाआधी, गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचलं, तर पीक विम्यासाठी 72 तासांच्या आत नुकसानीची सूचना द्यावी लागे. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार खात्यात आले की नाही, हेही फोनच सांगतो. जे यंत्र खरा सातबारा दाखवतं, त्याच यंत्रावर आलेला संदेश खोटा का मानायचा? हा प्रश्न अडाणीपणाचा नाही.

पाणी, पाचट आणि ऊन

अशा माणसाच्या हातातला फोन कसा असतो? बहुधा स्वस्तातला, कधी सेकंडहँड, टफन ग्लासला तडा गेलेला. फडात पाचटाची बारीक धूळ चार्जिंगच्या खोबणीत बसते. कुठल्याही तालुक्याच्या बसस्थानकाजवळ दुरुस्तीच्या टपरीवर थोडा वेळ उभं राहावं. कारागीर मागचं झाकण उचलतो, भिंगातून पाहतो आणि ब्रशनं चार्जिंग जॅकवरची हिरवट-पांढरी बुरशी घासतो. धातू गंजल्याची ती खूण. पाणी आत गेलेलं असताना वीज वाहत राहिली की पाण्यातले क्षार जोडांना खाऊ लागतात. म्हणून भिजलेला फोन आधी बंद करायचा, चार्जिंगला मुळीच लावायचा नाही आणि उघडून सुकवायला द्यायचा.

घराघरांत मात्र तो तांदळाच्या डब्यात जातो. ॲपल कंपनीनं 2024 च्या जानेवारीत तांदळात फोन ठेवू नका, असं लेखी सांगितलं, कारण तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात. खोक्यावरच्या 'वॉटरप्रूफ' या विशेषणावरही विसंबू नये. आयपी 67 चा अर्थ एक मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं, तेही प्रयोगशाळेतल्या स्वच्छ पाण्यात आणि नव्या फोनला. स्क्रीन बदलताना झाकणाची चिकटपट्टी एकदा उचकटली की ती हमी उरत नाही. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात पुराचं गढूळ पाणी घराघरांत शिरलं. त्या पाण्यासमोर प्रयोगशाळेचे आकडे काय कामाचे?

उन्हाचंही तसंच. आयफोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा, असं त्याची कंपनी सांगते. बीडचा एप्रिल-मे चाळीस ओलांडतो. उष्णतेनं बॅटरीतल्या रासायनिक क्रिया वेगानं होतात, आत वायू साचतो आणि बॅटरी फुगून मागचं झाकण वर येतं. असा फोन दाबून बसवायचा नाही, बॅटरी बदलायची. रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, फोन बंद करून लांब ठेवा, हा नासाचं नाव घेऊन वर्षानुवर्षं फिरणारा संदेश साफ खोटा आहे. फुगलेली बॅटरी उशाशी असणं हा धोका मात्र खरा आहे, आणि त्याचा संदेश कुणी फिरवत नाही.

अशा भूलथापांना शिकलेली माणसंही बळी पडली आहेत. 2014 मध्ये आयओएस 8 आलं तेव्हा, आयफोन मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की चार्ज होतो, अशी हुबेहूब कंपनीच्या धाटणीची बनावट जाहिरात फिरली. 2016 मध्ये आयफोन 7 ला भोक पाडलं की हेडफोनची खोबण सापडते, असा व्हिडिओ आला. दोन्ही वेळा काही लोकांनी ते करून पाहिलं. प्रश्न शिक्षणाचा कमी आणि ओळखीच्या रूपाचा जास्त आहे.

टिकलेला फोन, संपलेली राखण

धोका फोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येही असतो. जुलै 2015 मध्ये झिम्पेरियम कंपनीच्या जोशुआ ड्रेक यांनी अँड्रॉइडमधला 'स्टेजफ्राइट' हा दोष उघड केला. नुसता एक एमएमएस येऊन फोनचा ताबा जाऊ शकत होता, आणि सुमारे 95 कोटी फोन त्या कक्षेत असल्याचा अंदाज होता. त्यानंतर गूगलनं दर महिन्याला सुरक्षा अपडेट द्यायला सुरुवात केली. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतल्या एका जोडाक्षरानं आयफोनवरची ॲप्स बंद पडू लागली. काही दिवसांत आयओएस 11.2.6 नं ते दुरुस्त झालं. दोष सगळ्यांत सापडतात. दुरुस्ती पोचते की नाही, यावर सुरक्षितता ठरते.

आणि इथेच गरिबाचा फोन मागे पडतो. महागड्या काही फोनना आता सात वर्षं अपडेट मिळतात. स्वस्त फोनची मुदत त्याहून पुष्कळ आधी संपते. मालक मात्र तो जपून वापरतो. स्क्रीनचा कॉम्बो बदलतो, बॅटरी बदलतो, मग तोच फोन लेकीकडे, पुढे आजीकडे जातो. हातात फोन धडधाकट आणि आतली राखण केव्हाच उठून गेलेली. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत 'सुरक्षा अपडेट'ची तारीख असते. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार करू नये.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून नव्या फोनना विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण अपडेट कधीपर्यंत मिळणार, ती तारीख खोक्यावर मराठीत छापलेली असावी, एवढी साधी मागणीही अजून जोरानं पुढे आलेली नाही.

लग्नपत्रिका उघडली आणि खातं रिकामं

तरीही बहुतेक फसवणुकीला असा गहन दोष लागतच नाही. व्हॉट्सॲपवर फाइल येते. नाव 'पीएम किसान', 'आरटीओ चलान' किंवा लग्नपत्रिका. शेवटी 'एपीके' ही तीन अक्षरं. पत्रिका ही फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते उघडताना फोन विचारतो: अज्ञात ठिकाणचं ॲप घेऊ का? मग एसएमएस वाचायची परवानगी मागितली जाते. 'हो' दाबलं की बँकेचा ओटीपी परस्पर भामट्याकडे जातो. पुढे तीच फाइल फसलेल्याच्या नंबरावरून भावकीच्या ग्रुपवर जाते. म्हणजे ती अनोळखी माणसाकडून येत नाही, मामाकडून येते.

ओटीपी सांगू नका, असं सगळेच बजावतात. पण गेली कित्येक वर्षं ओटीपी सांगायला आपणच शिकवलं. सेवा केंद्रावरच्या रांगेत ऑपरेटर विचारतो, 'मावशी, ओटीपी आला का? सांगा.' मावशी सांगतात, काम होतं. सप्टेंबर 2025 मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीत बाईचा आणि पती किंवा वडिलांचाही आधार ओटीपी लागू लागला, आणि लागलीच त्याच नावाच्या बनावट वेबसाइट दिसू लागल्या. खरी यंत्रणा आणि भामटा एकच प्रश्न विचारत असतील, तर फरक ओळखायचा भार एकट्या मावशींवर टाकणं अन्याय आहे. सेवा केंद्रात ओटीपी तोंडी न विचारता तिथल्या यंत्रावर ज्याचा त्यानंच टाकावा, अंगठ्याची सोय आधी द्यावी, हे शासनाला करता येण्याजोगं आहे.

2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गेले, असं केंद्रानं लोकसभेत सांगितलं. पैसे गेले की 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावायचा, कारण ते एका खात्यातून दुसऱ्यात पळवले जाण्याआधी गोठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाबतींत घड्याळ महत्त्वाचं.

आणि घड्याळ सर्वांत जास्त अडतं ते लाजेपाशी. फसलेली बाई नवऱ्याला सांगत नाही, पोरगा बापाला सांगत नाही, मुकादमाची उचल गेली तर कामगार टोळीत तोंड दाखवत नाही. तास जातात, दिवस जातात. कंपन्यांनी अपडेट द्यावेत, शासनानं रीत बदलावी, पोलिसांनी अफवेचं खंडन सरपंचांच्या ग्रुपवर त्याच दिवशी पोचवावं. हे सगळं मागत राहिलं पाहिजे. घरात मात्र आजपासून एक गोष्ट बदलता येते. कुणी फसल्याचं सांगितलं की 'तू दिलाच कसा?' हा प्रश्न आधी विचारायचा नाही. आधी विचारायचं, 'किती वाजता झालं?' आणि लगेच 1930 लावायचा.