भरती कार्यालय कुणाच्या जवळ?

सिरोंच्याच्या मैदानावर पहाटे मी पोरांकडून सोळाशे मीटर धावून घेतो. माझ्या हातात स्टॉपवॉच, त्यांच्या पायांत बहुतेकदा साधे कॅनव्हासचे बूट. सैन्यात जायचं तर आमचं भरती कार्यालय नागपूरला, इथून तीनशे किलोमीटरहून लांब.

पुणे, मुंबई, कोल्हापूर, संभाजीनगर, नागपूर अशी राज्यात मोजकीच कार्यालयं आणि प्रत्येकाला जिल्हे वाटून दिलेले. कोल्हापूरकडे तर गोवाही. कुठल्या राज्यातून किती जवान घ्यायचे, याला तिथल्या भरतीयोग्य पुरुषांच्या संख्येचा आधार असतो. पण त्या संख्येत अंतर धरलेलं नसतं. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी या गावात घरोघरी फौजी. कुठले कागद लागतात ते पोराला घरातच कळतं. आमच्याकडे विचारायचं कुणाला? 2023 पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान असा क्रम झालाय. वाऱ्यासारखा पळणारा गडी संगणकापाशीच अडतो.

नवी इमारत कुणी मागत नाही. अर्ज निघतात त्या दिवसांत कार्यालयातला एखादा हवालदार आठवडाभर तहसीलला बसवा, डोमिसाइल नि जातीचे दाखले तिथंच तपासून द्या. सुरुवात भामरागड, एटापल्लीपासून करा; सिरोंचा नंतर आला तरी चालेल.