लेकींचं घर, लेकांची वाट: सुमात्रातल्या एका मुस्लिम गावाचा वारसा

सातवीच्या वर्गात आम्ही आशियाचा नकाशा शिकवत होतो. इंडोनेशियावर बोट ठेवून सांगितलं, की इथे वीस कोटींहून जास्त मुसलमान राहतात. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तिकडच्या मुलींना जमिनीत हिस्सा मिळतो का?" वर्ग हसला. आम्हाला हसू आलं नाही. तिच्या घरी त्या आठवड्यात हक्कसोडपत्राची बोलणी चालली होती, हे आम्हाला ठाऊक होतं. तेव्हा तिला थोडक्यात जे सांगितलं, तेच इथे सविस्तर मांडतो आहोत.

गाव आणि घर

सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकाबाउ समाज राहतो. हे लोक मुसलमान, आणि मसलक शाफई, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांचाच. पण त्यांचं कुळ आईकडून चालतं. मूल आईच्या कुळाचं, आणि एकाच कुळात लग्न होत नाही. आईच्या वंशानं चालणारा जगातला सर्वात मोठा समाज म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. गावाला ते 'नगारी' म्हणतात. शब्द आपल्या 'नगरी'चाच, संस्कृतातून तिकडे गेलेला.

परियांगन हे असंच एक नगारी. मारापी ज्वालामुखीच्या उतारावर वसलेलं. आपले पूर्वज याच डोंगरावरून उतरले आणि पहिली वस्ती इथेच झाली, असं तिथली लोककथा सांगते. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, गरम पाण्याचे झरे, मस्जिद, आणि छपराची टोकं म्हशीच्या शिंगांसारखी वर गेलेली लाकडी घरं. या घराला 'रुमा गदांग' म्हणतात, म्हणजे मोठं घर. समोर अंगणात भाताची कोठारं असतात. घरातल्या खोल्या लग्न झालेल्या लेकींच्या.

मग मुलगे कुठे? पूर्वी मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की रात्री 'सुराउ'मध्ये झोपायला जायचा. सुराउ म्हणजे छोटं इबादतखाना. तिथेच कुराण शिकायचं, तिथेच सिलात नावाची कुस्तीसारखी विद्या शिकायची. लग्नानंतर तो बायकोच्या घरी जायचा, तेही पाहुण्यासारखा. आपल्याकडे 'घरजावई' हा टोमणा आहे, तिकडे सगळेच जावई घरजावई. त्याचा खरा मान बहिणीच्या घरी. तिथे तो 'मामक', म्हणजे मामा. भाच्यांचं शिक्षण, त्यांची लग्नं, कुळाच्या जमिनीची देखरेख हे सगळं मामाकडे.

आता हे बरंच बदललं आहे. नवरा-बायको मुलांना घेऊन वेगळ्या घरात राहतात, मुलांचा खर्च बाप उचलतो. जमिनीचा नियम मात्र अजून पाळला जातो.

मालमत्ता दोन प्रकारची

तिथे मालमत्तेला 'हरातो' म्हणतात (मूळ शब्द आपला 'अर्थ'), आणि वारशात आलेल्या मालमत्तेचे दोन भाग करतात.

पहिली 'उंच' मालमत्ता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली शेतं, घराची जागा, मोठं घर. ही कुणा एकाची नसते, आईच्या वंशाची असते. लेकी ती कसतात आणि वापरतात, मामा देखरेख करतो. विकायची नाही. गहाण ठेवायची तर कुळातल्या सगळ्यांच्या संमतीनं, आणि परंपरेनं चारच कारणांसाठी: घरात मय्यत आहे आणि दफनाला पैसे नाहीत, लग्नाचं वय झालेल्या मुलीचं लग्न अडलं आहे, मोठं घर गळतं आहे, किंवा कुळप्रमुखाच्या नेमणुकीचा विधी राहिला आहे.

दुसरी 'खालची' मालमत्ता. आईबापांनी स्वतः कमावलेली. दुकान, शहरातलं घर, विकत घेतलेली जमीन. ही शरियतच्या फराइजप्रमाणे मुलगे आणि मुली दोघांमध्ये वाटली जाते.

भारतातही असं उदाहरण आहे. लक्षद्वीपचे मुसलमानही शाफई, आणि तिथेही आईच्या वंशाची सामायिक मालमत्ता वेगळी, स्वतःची वेगळी. त्यांनी नावं दिली आहेत वारांची: सामायिक ती शुक्रवारची, स्वतःची ती सोमवारची.

वाद लपवला नाही

ही विभागणी सहज झालेली नाही. शेख अहमद खतीब हे याच भागातले आलिम. जन्म 1860 चा. पुढे मक्केत मस्जिद-ए-हरामचे शाफई इमाम आणि खतीब झाले. त्यांनी मिनांगकाबाउंच्या वारसा-रिवाजावर कडक टीका केली. ज्यांचा हिस्सा अल्लाहनं ठरवला, त्यांना डावलून खाल्लेली ही मालमत्ता आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. इथे डावलले जात होते ते मुलगे.

त्यांचेच शिष्य अब्दुल करीम अमरुल्लाह (प्रसिद्ध मुफस्सिर हमका यांचे वडील) यांनी वेगळी वाट काढली. वडिलोपार्जित जमीन वक्फसारखी आहे, असं ते म्हणाले. तिचा कुणीच मालक नाही, म्हणून ती वाटता येत नाही, फक्त तिचं उत्पन्न वापरता येतं. कमाईच्या मालमत्तेला मात्र शरियतच लागू. 1952 मध्ये बुक्कितिंगी शहरात उलेमा, कुळांचे प्रमुख आणि शिकलेली मंडळी एकत्र बसली आणि साधारण हीच विभागणी मान्य झाली. 1968 मध्ये पादांगच्या परिषदेत पुन्हा चर्चा झाली. आजही सगळे आलिम समाधानी आहेत असं नाही. पण रिवाज कुठला आणि दीन कुठला, हे चारचौघांत मोकळेपणानं बोललं गेलं.

लेकांची वाट

घरात खोली नाही, शेत बहिणीचं. मग तरुण बाहेर पडतो. याला 'मरंताउ' म्हणतात. व्यापार करायचा, शिकायचं, नाव कमवायचं आणि परत यायचं. इंडोनेशियाच्या कुठल्याही शहरात पादांगी जेवणाची खानावळ दिसते, ती याच मुलांची. सोबत न्यायचं ते रेंदांग. नारळाच्या दुधात आटवून कोरडं केलेलं, कित्येक दिवस टिकणारं मांस. देशाचे पहिले उपराष्ट्रपती मोहम्मद हत्ता याच वाटेनं बाहेर पडले होते. ईदला हे लोक एकत्र गावी येतात, मस्जिदीला आणि शाळेला पैसे देतात. आखातातून येणाऱ्या पैशांवर उभी राहिलेली कोकणातली गावं ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

ही वाट सोपी नाही. किनाऱ्यावरच्या पादांगहून डोंगरात जाणारा मुख्य रस्ता आनाई खिंडीतून जातो. डिसेंबर 2023 मध्ये मारापीचा स्फोट होऊन वीसहून जास्त गिर्यारोहक गेले. मे 2024 मध्ये त्याच डोंगरावरची राख आणि दगड पावसानं खाली आणले. साठहून जास्त माणसं दगावली आणि खिंडीतला रस्ता वाहून गेला.

अडचणी जमिनीतही आहेत. बँक कर्ज देताना एका माणसाच्या नावाचा कागद मागते, आणि कुळाच्या जमिनीला तसा एक मालक नसतो. एकानं गुपचूप कागद करून घेतला की भावकीत भांडण. लेकी शहरात गेल्या की मोठं घर रिकामं पडतं, लाकूड कुजतं. म्हणजे ही व्यवस्था काही जन्नत नाही.

आपल्या दारात

मग तिच्याकडून घ्यायचं काय? आईचं कुळ उचलून आपल्याकडे आणा, असं आम्ही म्हणत नाही. पण सूरह निसाच्या सातव्या आयतीत बायकांचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, मालमत्ता थोडी असो की फार. तो आपण पाळत नाही, आणि पाळत नाही हे कबूलही करत नाही. "बहिणीनं हिस्सा मागितला तर माहेर तुटतं," एवढं म्हणून विषय संपवतो.

आमच्या फुफीनं सही केली, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. कचेरीत पेन आम्हीच पुढे केलं होतं. तिनं कागद वाचला नाही, कुणी तिला वाचूनही दाखवला नाही. ती खुशीनं देते आहे, असं सगळे म्हणत होते. तिचा हिस्सा किती, हे त्या दिवशी कुणी तिला सांगितलंच नव्हतं, मग खुशी कशाची?

तेवढं तरी करा. बहिणीसमोर कागद ठेवण्याआधी तिच्या हिश्श्याचा आकडा तिला सांगा, गुंठ्यांत आणि रुपयांत. तो हिस्सा आधी तिच्या नावावर होऊ द्या. त्यानंतर तिला काही सोडायचंच असेल, तर ते तिचं तिला ठरवू द्या.