पुरानंतर दुकान पुन्हा कसे उघडते?

महाडच्या बाजारपेठेत पाणी इतक्या झपाट्याने का चढते? कारण वर डोंगरात आहे. २२ जुलै २०२१च्या सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला. सावित्री नदी तिथेच उगम पावते, घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते आणि सपाटीवर मंदावते. शिवाय गांधारी नदीचे पाणी तिला मिळते. त्यात बाणकोटच्या खाडीला भरती असेल, तर जत्रेची गर्दी अरुंद दारात तुंबावी तसे पाणी तुंबते आणि पेठेत शिरते.

माल माळ्यावर चढवणे महाडकरांना शिकवावे लागत नाही. खरा घात उधारीची वही भिजल्यावर होतो: येणे कुणाकडे किती, हेच कळत नाही. म्हणून वहीच्या पानांचे, बिलांचे आणि भरलेल्या दुकानाचे फोटो पावसाळ्याआधीच गावाबाहेरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत. विम्याचा दावा याच कागदांवर उभा राहतो.

एप्रिल २०२१पासून छोट्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी मिळते. तिच्यात पुराचे नुकसानही येते, मात्र मालाची किंमत कमी दाखवू नये. भरपाई त्याच आकड्यावर ठरते.

पाणी ओसरताच चिखल उपसण्याआधी फोटो काढावेत, पंचनामा करून घ्यावा. फ्रीज, वजनकाटा आणि वायरिंग सुकवून, तपासून घेतल्याशिवाय वीज सुरू करू नये.